वीटकामाच्या मजुरीत झालेली फसवणूक: दराआधी मापाची पद्धत ठरवा

ज्यांचं बांधकाम आता सुरू होणार आहे किंवा भिंती अर्ध्यावर आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं काम लहान होतं, अंगणात एक सुटी खोली. तरीही मजुरीत जे पैसे गेले ते डोळ्यांदेखत गेले. त्यातली युक्ती एवढी साधी आहे की ती कुठल्याही कामावर चालते.

विटा, सिमेंट, वाळू आमची आणि मजुरी ठेकेदाराची, असं ठरलं होतं. आम्ही तिघांकडून दर घेतले. ज्याला काम दिलं त्याचा दर हजार विटांमागे होता आणि तो सगळ्यांत कमी होता. अंदाजपत्रकही त्याने व्यवस्थित लिहून दिलं: इतक्या विटा, इतके गवंडी, इतके बिगारी, इतके दिवस. "ताई, आकड्यात कुठे शंका असेल तर आत्ताच विचारा," असंही म्हणाला.

कागदावर ४६८० विटा होत्या. खोली आतून ४ मीटर बाय ३ मीटर, उंची ३ मीटर, भिंत एका विटेची, म्हणजे २० सेंटीमीटर जाड. आमच्या विटा १९ × ९ × ९ सेंटीमीटरच्या होत्या. प्रत्येक मापात एक सेंटीमीटर सांधा, म्हणजे दोन विटांमधला सिमेंट-वाळूचा थर, धरला की २० × १० × १० होतात, म्हणून घनमीटरला ५०० विटा बसतात आणि या जाडीच्या भिंतीत चौरस मीटरला १००. इथपर्यंत त्याचा हिशोब बरोबर होता. खोट होती लांबीत. त्याने चारही भिंतींची बाहेरून मापं घेऊन बेरीज केली होती, १५.६ मीटर. तसं केलं की प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो. भिंतीच्या मध्यरेषेवरून, म्हणजे जाडीच्या मधोमध, मोजलं तर लांबी येते १४.८ मीटर. फरक ८० सेंटीमीटरचा, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडा जास्त.

दुसरी गोष्ट दार-खिडक्यांची. एक दार १ × २.१ मीटरचं आणि दोन खिडक्या १.२ × १.२ च्या. मिळून जवळपास ५ चौरस मीटर जागा, जिथे एकही वीट लागणार नव्हती. त्याची वजावट कुठेच नव्हती. मध्यरेषेने लांबी धरून आणि वजावट करून आकडा येतो ३९४२ विटांचा. लिंटेलचं, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीचं, काँक्रीट जिथे बसतं तिथल्या विटा काढल्या तर आणखी थोडा कमी. म्हणजे जवळजवळ १९ टक्के जादा मजुरी अशा विटांची, ज्या भिंतीत कधी लागणारच नव्हत्या. कमी दर त्याला का परवडत होता, याचं उत्तर इथेच आहे.

पण खरा घाव पुढे बसला, आणि माझ्या मते लोकांना सावध करायला हवं ते त्याबद्दल.

खिडकीच्या सिलपर्यंत, म्हणजे खालच्या कडेपर्यंत, काम झपाट्याने झालं. चांगले हात असलेले दोन गवंडी, दोरी लावून सरळ थर, परांचीची, म्हणजे उंचावर उभं राहायच्या मचाणाची, गरज नाही, वीट आणि माल कमरेच्या उंचीवर हाताशी. एवढ्या कामाचं बिल त्याने हजारी दराने लगेच घेतलं, १४०४ विटांचं. प्रत्यक्षात दाराची जागा सोडून एका थरात १३८ विटा बसतात आणि थर होते ९, म्हणजे १२४२.

त्यानंतर तो म्हणाला, "आता वरचं काम जिकिरीचं आहे. परांची बांधायची, खिडक्यांच्या कडा ओळंब्यात, सरळ उभ्या घ्यायच्या. हजारी दराने मला परवडत नाही. रोजंदारीवर करू, तुमचं कामही नीट होईल." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. सिलच्या वरचं काम खरोखर सावकाश होतं. पण हजारी दर संपूर्ण भिंतीचा सरासरी दर असतो. सोप्या खालच्या भागात जे जास्त सुटतं त्यातून अवघड वरचा भाग भरून निघतो. सोपा भाग सरासरी दराने खायचा आणि अवघड भाग आला की मोजायची पद्धतच बदलायची, याला मी फसवणूकच म्हणते. अर्ध्यात काम सोडून जाईल या धाकापोटी समोरचा माणूस हो म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रोजंदारी सुरू झाली आणि ते दोन गवंडी दुसऱ्या साइटवर गेले. आले एक नवशिका गवंडी आणि एक मुलगा, जो कालपर्यंत घमेली उचलत होता. हजेरीत मात्र दोन गवंडी आणि तीन बिगारी. मी हजेरी बघायचं सोडून थर मोजायला लागले, कारण थर खोटं बोलत नाहीत. खिडक्यांच्या उंचीला दार आणि दोन्ही खिडक्या सोडून भिंत उरते ११.४ मीटर, म्हणजे एका थरात ११४ विटा. एका दिवशी संध्याकाळी खडूची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं, तीन थर चढले होते. साडेतीनशेच्या आत-बाहेर विटा, तेही दोन गवंड्यांच्या हजेरीवर. सरळ भिंतीत, हाताखाली बिगारी असताना या मापाच्या पाच-सहाशे विटा एक गवंडी दिवसात लावतो. कडा आणि कोपऱ्यांसाठी त्यातून बरंच कमी धरलं, तरी दोन गवंड्यांच्या दिवसाचं हे काम नाही. हेच हात हजारी दरावर असते तर एवढे सावकाश चालले नसते.

त्याला विचारलं तर उत्तर तयार होतं: बाहेरून मोजायचीच पद्धत आहे, उघडी जागा कुणी वजा करत नाही. हे अर्धवट आहे. पाइपाच्या भोकासारखी अगदी लहान उघडी जागा वजा न करण्याची रीत आहे आणि ती रास्त आहे. दाराच्या कडा सरळ ठेवण्यात गवंड्याचा वेळ जातो हेही खरं. मग त्या कडांचे मीटरवर वेगळे पैसे मागावेत. दिले असते. न लावलेल्या विटांचे पैसे मागणं हे त्याचं उत्तर नव्हे.

ओळखीच्या एका इंजिनिअरने त्याच्यासमोर टेप धरून सगळं पुन्हा मोजलं. खालच्या भागातल्या जादा विटांचे पैसे शेवटच्या हप्त्यातून कापता आले, कारण तो हप्ता आमच्याच हातात होता. रोजंदारीत गेलेले पैसे गेले. लिंटेलच्या वरचं काम तसंच टाकून तो निघून गेला. दुसऱ्याचं अर्धवट काम घ्यायचं म्हणून नव्या गवंड्याने दर जास्त सांगितला आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. ओळंबा लावून त्याने दाखवलं की खिडकीशेजारचा भाग बाहेर झुकला आहे. खालच्या झपाट्याच्या कामात उभे सांधे पोकळ होते. सळईचं टोक सहज आत जात होतं. झुकलेला भाग उतरवून पुन्हा बांधावा लागला, विटा साफ करण्याची मजुरी वेगळी.

नव्या माणसाशी बोलताना आम्ही दराआधी मापाची पद्धत ठरवली. लांबी मध्यरेषेवरून, वजावट कुठल्या आकाराहून मोठ्या उघड्या जागेची, परांची दरात धरलेली की नाही, विटा भिजवणं आणि भिंतीवर पाणी मारणं कोणाकडे. दर जमिनीपासून वरच्या थरापर्यंत एकच, आणि मध्ये बदलायचा असेल तर कामाच्या आधी लेखी. हजेरीवर कोणाला घेतलं तर त्याच दिवशी दोघांची सही, नावासमोर गवंडी की बिगारी ते लिहून. हे सगळं एका पानावर मावलं आणि त्याने एका शब्दानेही कुरकुर केली नाही.

दिवसांच्या अंदाजाबद्दलही सांगते, कारण तिथेही दोन्ही बाजूंनी फसवता येतं. विटांना रोजच्या वेगाने भागलं की गवंड्याचे दिवस येतात. आमच्या ३९४२ विटांना रोजचे ५०० धरले तर एका गवंड्याचे आठ दिवस. पण माणसं दुप्पट लावून भिंत हवी तेवढ्या वेगाने वर नेता येत नाही. सिमेंट-वाळूच्या ताज्या मसाल्यावर दिवसात साधारण दीड मीटरहून जास्त उंची चढवू नये. लिंटेल ओतल्यावरही थांबावं लागतं. दोन दिवसांत पूर्ण भिंत उभी करतो म्हणणाऱ्यावर जेवढा संशय घ्यावा, तेवढाच प्रत्येक थांबलेल्या दिवसाची हजेरी लावणाऱ्यावर घ्यावा. काम थांबलं त्या दिवशी गवंडी दुसरीकडे असतो.

तुमची वीट वेगळ्या मापाची असेल तर माझे आकडे उचलू नका. विटेच्या लांबी, रुंदी आणि उंचीत सांध्याची जाडी मिळवून तिन्हींचा मीटरमध्ये गुणाकार करा आणि एका घनमीटरला त्याने भागा. तुटफुटीसाठी वर पाच टक्के धरा, पण ते विटा विकत घेताना. मजुरी फक्त भिंतीत लागलेल्या विटांची.

आणि कुणाच्या भिंती आत्ता उभ्या असतील, बिल यायचं असेल, तर टेप घेऊन आजच जा आणि थर मोजून फोटो काढून ठेवा. एकदा प्लास्टर चढलं की थर दिसत नाहीत आणि मग ठेकेदाराच्या कागदावरचाच आकडा उरतो.