आठ महिने ओट्यावर राहिलेली कादंबरी

'द हंड्रेड-फूट जर्नी' मी दिवाळीआधी नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत घेतलं. चार दिवसांत वाचून संपलं. "बरं आहे" म्हणून बाजूला ठेवणार होते, पण ते ओट्याशेजारच्या फळीवर राहिलं आणि तिथेच कामाला लागलं. आता पानांना हळद लागली आहे.

माझा जेवणाच्या डब्यांचा धंदा आहे, त्यामुळे मी हे पुस्तक धंद्याच्या नजरेनं वाचलं. रिचर्ड मोराइसचा हसन हाजी मुंबईत आजोबांच्या हॉटेलच्या वरच्या घरात जन्मतो. आई गेल्यावर कुटुंब लंडनला आणि तिथून फ्रान्समधल्या लुमिएर या गावात जातं. वडील तिथे हॉटेल काढतात, ते नेमकं मादाम मालोरीच्या दोन मिशलिन स्टारवाल्या (मिशलिन हे हॉटेलांना मिळणारं नावाजलेलं फ्रेंच मानांकन) हॉटेलासमोर. मधलं अंतर शंभर फूट, आणि भांडण त्याहून मोठं. पुढे हसनला शागीर्द म्हणून मागायला ही बाई त्याच्या वडिलांच्या अंगणात खुर्ची टाकून उपोषणाला बसते. हिवाळी अधिवेशनातले मंडप बघितलेल्या नागपूरकराला ही बाई लगेच आपली वाटते.

याच कादंबरीवरचा 2014 चा ओम पुरींचा सिनेमा पाहिला असेल तर एक सांगते: सिनेमातला पोरगा शेवटी गावी परततो, कादंबरीतला पॅरिसमध्येच राहतो. मला कादंबरीचं पटलं.

आता माझी फजिती. जानेवारीत मी बेशामेल सॉसमध्ये, म्हणजे लोणी, मैदा न् दुधाच्या फ्रेंच पांढऱ्या सॉसमध्ये, सरळ सावजी मसाला टाकला. करडा लगदा झाला. दगडफूल, खसखस, सुकं खोबरं सगळं त्यात होतं, पण जीभ गप्प. दुधानं तिखट मरतं हे ताक पिऊन पिऊन माहीत असूनही सुचलं नाही. शिवाय तो मसाला गरम तेलात उमलतो, त्याची तर्री वर यावी लागते. इथे तो दुधात बुडून मेला.

मग पुस्तक परत उघडलं. हसन मालोरीकडे आपला मसाला घेऊन मिरवत नाही, तिची पद्धत मुळापासून शिकतो. म्हणून मी मसाला बाजूला ठेवला आणि नुसता रू करायला घेतला, म्हणजे लोण्यात मैदा परतायचा. सासूबाई मागून बघत होत्या. "काहून गं, हे तर आपलंच आहे ना? मी रश्श्याला ज्वारीचं पीठ तेलात परतून लावते. नाही परतलं तर कच्चट लागते न् गुठळ्या होतात." फ्रेंच लोक लोण्यात नेमकं याचसाठी परततात, पिठाच्या कणांवर स्निग्धाचं आवरण चढलं की ते एकमेकांना चिकटत नाहीत. सासूबाईंनी आयुष्यात फ्रान्सचा नकाशा पाहिलेला नाही.

त्यानंतर मटणाच्या रश्श्याला लोणी-मैद्याऐवजी जवसाच्या तेलात परतलेलं ज्वारीचं पीठ लावलं, पातळ करायला हाडांचा गाळून घेतलेला सूप. मसाला शेवटी, वेगळ्या कढईत फोडणी देऊन वरून. हे जमलं.

पुस्तकाबद्दल तक्रारही आहे. पॅरिसचा भाग लांबतो, पदार्थांची नावं मालगाडीच्या डब्यांसारखी येत राहतात. मुंबईच्या आठवणीही कधीकधी परदेशी वाचकासाठी सजवल्यासारख्या वाटतात. तरी मालोरीचं स्वयंपाकघर मी तीनदा वाचलं.

शनिवारच्या डब्यात तो रस्सा सुरू केला आहे. एका काकांनी "मसाला कमी झाला" म्हणून निरोप पाठवला. त्यांच्या शेजारचे आता दोन डबे घेतात.