मेणवलीचा घाट: जागेवर रंगवावा की छायाचित्रावरून?

वाईजवळच्या मेणवलीचा घाट जलरंगात कसा करावा, असे एका विद्यार्थिनीने विचारले. खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. छायाचित्रासाठीही तिथे जावेच लागते. खरा फरक सावल्यांत आहे: कॅमेरा भर उन्हात पायऱ्यांवरची सावली सपाट काळी करतो, तर डोळ्यांना तिच्यात कृष्णेच्या पाण्यावरून उसळलेला उजेड दिसतो. मात्र जागेवर सावली सतत सरकते आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याआधीच तो वाळतो (पावसाळ्यात नेमके उलटे). छायाचित्रावरून काम करताना ही घाई नसल्याने थरांवर थर देण्याचे मोठे चित्र घरीच साधते. ज्याला रंग पाहायला शिकायचे आहे, त्याने चतकोर कागद घेऊन सकाळी घाटावर बसावे. घाटाजवळचा नाना फडणवीसांचा वाडा तपशीलवार काढणाऱ्याने छायाचित्र खुशाल वापरावे, पण रंगांची टिपणे जागेवरच करावीत.