पहिल्या नोकरीआधीचा वर्ग: कोणाचे ऐकायचे, कोणाला विचारायचे

वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरात एक निवृत्त अभियंते रविवारी मराठीतून मार्गदर्शन वर्ग घेतात. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी मी तो केला. नंदेसरी, मकरपुरा या औद्योगिक वसाहतींत किंवा कोयलीच्या रिफायनरीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागणाऱ्या मुलामुलींना कामाच्या ठिकाणची अधिकारांची उतरंड समजावी, हा त्याचा हेतू असून तो बऱ्याच अंशी साधतो. शुल्क माफक आहे.

सर्वांत मोलाचा भाग वर्क परमिटचा, म्हणजे धोक्याचे काम सुरू करण्यापूर्वी घ्यायच्या लेखी परवानगीचा. सरांनी परमिटचे कोरे कागद आमच्यापुढे ठेवले आणि प्रत्येकाला एकेक हुद्दा देऊन ते भरायला लावले. रासायनिक कारखान्यात पाइपलाइनवर वेल्डिंग करायचे असेल, तर देखभाल विभागाचा व्यवस्थापक हुद्द्याने कितीही मोठा असो, लाइन रिकामी करून इतर यंत्रणेपासून तोडली आहे आणि ज्वलनशील वायूची चाचणी झाली आहे याची खात्री करून उत्पादन विभागाच्या शिफ्ट इन्चार्जने सही केल्याशिवाय त्याला काम सुरू करता येत नाही. हुद्द्यांच्या तक्त्यात खूप खाली असलेला माणूस त्या कामापुरता शेवटचा शब्द सांगतो. ही गोष्ट ऐकून पटत नाही. वरिष्ठाच्या भूमिकेतला मित्र घाई करत असताना सही रोखून धरली, तेव्हाच ती मला नीट समजली. हुद्द्यांचा तक्ता पाठ करून घेणाऱ्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा मी या एका सरावाला अधिक महत्त्व देईन.

रजा मंजूर करणारा आणि रोजचे काम सांगणारा साहेब वेगळा असू शकतो, हेही उदाहरणांसह सांगितले गेले. इथे व्यवस्थापकालाही नावापुढे ‘भाई’ लावून हाक मारतात, त्यावरून त्याच्या अधिकाराचा अंदाज बांधू नये, ही सूचना आमच्यासारख्या ‘साहेब’ म्हणत वाढलेल्यांना उपयोगी पडली.

दोन उणिवा मात्र स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. कंत्राटी कामगारांचा विषय घाईत उरकला. नव्या अभियंत्याने त्यांना परस्पर हुकूम न देता कंत्राटदाराच्या सुपरवायझरमार्फत काम सांगायचे असते, आणि हा प्रश्न तर पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. वरिष्ठाकडूनच लैंगिक त्रास झाला तर काय करावे, या मुलींच्या प्रश्नाला ‘एचआरला भेटा’ एवढेच उत्तर मिळाले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील महिला कर्मचारी असते आणि घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, एवढे तरी फळ्यावर लिहायलाच हवे होते.

तरीही कारखान्यात लागणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. जाताना आपले नेमणूकपत्र सोबत न्यावे, कारण आपण कोणाच्या हाताखाली काम करणार हे त्यात कुठे लिहिलेले असते, ते सर प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवून देतात.