डी ५०० ठेवावा की झेड ५०-टू घ्यावा? पक्ष्यांच्या फोकसपुरता हिशेब

निकॉनचा डी ५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स ही जोडी आजही अनेक पक्षीछायाचित्रकारांच्या बॅगेत आहे. कॅमेरा २०१६चा, आता मिळालाच तर सेकंड हँड. दुसरीकडे नोव्हेंबर २०२४मध्ये जाहीर झालेला निकॉनचाच मिररलेस (बिनआरशाचा) झेड ५०-टू पक्षी ओळखतो आणि थेट डोळ्यावर चौकट बसवतो. सेन्सर दोन्हींचे डीएक्स (फुल-फ्रेमपेक्षा लहान), २०.९ मेगापिक्सेलचेच. म्हणजे पैसे मोजायचे ते मुख्यतः फोकससाठी.

त्याआधी फसलेले फोटो एनएक्स स्टुडिओ या निकॉनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फोकस पॉइंट कुठे होता ते पाहा. पॉइंट पक्ष्यावर, पण धारदार मागची फांदी? बहुधा फाइन-ट्यूनचा, म्हणजे कॅमेरा-लेन्सच्या फोकस जुळणीचा दोष. पॉइंटच पानांवर? फोकसचा मोड चुकला किंवा हात. सगळी फ्रेमच ओढल्यासारखी? शटर कमी पडलं. उडत्या नदी सुरयाला १/२५०० सेकंद तरी द्या. आणि ऊन चढल्यावर भिगवणचे दूरचे रोहित विरघळल्यासारखे येत असतील तर ती पाण्यावरची तापलेली हवा आहे. तिथे कॅमेरा बदलून काही होणार नाही, सकाळी लवकर होडीत बसा.

यातला पहिला, फाइन-ट्यूनचा दोष डीएसएलआरचा, म्हणजे डी ५००सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांचा खास. त्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली. फोटो पडतो दुसऱ्याच सेन्सरवर. या दोन वाटांत केसभर फरक पडला की फोकस पुढे-मागे सरकतो. ५०० मिमी, एफ/५.६, अंतर १० मीटर असताना धारदार पट्टा जेमतेम ९ सेंटिमीटरचा, त्यामुळे तेवढा फरकही पुरतो. झेड ५०-टूमध्ये मोजणी फोटोच्याच सेन्सरवर होते, म्हणून हा प्रश्न जवळपास उरत नाही.

पण डी ५००मध्येही तो फुकटात सुटतो. सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून चालू करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स ५००वर, एफ/५.६, व्हीआर (लेन्सची थरथर रोखणारी सोय) बंद. वर्तमानपत्राचं पान भरपूर उजेडात, सेन्सरला समांतर, १० ते १५ मीटरवर टांगा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या पॉइंटने फोकस करा, मग एएफ-मोडचं बटण आणि लाल व्हिडिओ बटण एकत्र दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा आणि येणाऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा. असं पाच वेळा करा, दरवेळी आलेला दुरुस्तीचा आकडा लिहून ठेवा आणि मधला कायम करा. झूम लेन्सला एकच आकडा साठवता येतो, म्हणून तो ५००वरचाच असू द्या. हे न करताच कॅमेरा विकायला काढणारे खूप.

मोकळ्या पाण्यावरची उड्डाणं हा डी ५००चा प्रांत. एएफ-सी (सतत फोकस), ग्रुप-एरिया (काही पॉइंटचा गट), फोकस एएफ-ऑन बटणावर. ग्रुप-एरिया त्याच्या कक्षेतली सर्वांत जवळची वस्तू पकडतो. आकाशात ती वस्तू पक्षीच असते. पक्षी लव्हाळ्याजवळ उतरला की हाच गुण दोष होतो, तेव्हा डी२५वर (२५ पॉइंटचा डायनॅमिक मोड) या. झेड ५०-टू इथे ऑटो-एरिया (सगळ्या फ्रेममध्ये शोध) आणि बर्ड डिटेक्शनवर (पक्षी ओळखणं) चालतो. पक्षी कडेला गेला तरी चौकट त्याच्यामागे जाते, म्हणजे फ्रेम जुळवायला डोकं मोकळं. फरक आहे, पण सराईत हातासाठी तो मोठा नाही.

खरा फरक कर्नाळ्यासारख्या झाडीत दिसतो. स्वर्गीय नर्तक किंवा शिंपी फांदीमागे फांदी बदलतो आणि जॉयस्टिकने पॉइंट सरकवेपर्यंत उडालेला असतो. झेड ५०-टूला डोळा दिसला तर काटक्यांच्या फटीतूनही तो अनेकदा पकडतो. पाठ किंवा शेपटीच दिसत असेल, पक्षी फ्रेममध्ये चिमुकला असेल, तर मात्र ऑटो-एरिया एखाद्या पानालाही पक्षी समजतो. म्हणून झाडीत वाइड-एरिया स्मॉल (छोट्या चौकटीपुरताच शोध) ठेवा आणि सिंगल पॉइंट दुसऱ्या बटणावर बसवा. सिंगल पॉइंट आणि डायनॅमिकमध्ये पक्षी ओळखणं चालत नाही, हे अनेकांना विकत घेतल्यावर कळतं. जॉयस्टिकही नाही, पॉइंट चार दिशांच्या बटणांनी सरकवायचा.

झेडच्या आणखी दोन खोडी आहेत. लेन्स पूर्ण जवळच्या फोकसवर अडकली असेल तर समोरचा पक्षी धूसर होतो आणि कॅमेरा मागची झाडी धरून बसतो. फोकस रिंग हाताने थोडी फिरवून द्या, मग पकडतो. शिवाय झेडचे पॉइंट आडव्या रेषांवर अडखळतात. तारेवरच्या वेड्या राघूशी किंवा पाण्याच्या तरंगांशी झगडा झाला तर कॅमेरा किंचित तिरका करा. डी ५००च्या १५३ पैकी ९९ पॉइंट क्रॉस प्रकारचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे) असल्याने त्याला हे फारसं जाणवत नाही. लेन्सची पोच वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरच्या बाबतीत मात्र उलटं: १.४ एक्स लावून २००-५०० एफ/८ झाली की डी ५००चे १५च पॉइंट उरतात, त्यातले निवडता येतात ते ९.

जुनी २००-५०० एफटीझेड-टू अडॅप्टरने झेडवर चालते. मोटर तीच, त्यामुळे फोकस जवळून लांब जायला लागणारा वेळही तोच. लेन्सवरचा स्विच ∞–६ मीटरवर ठेवला तर शोधाशोध कमी होते. वेग हवा असेल तर झेड १८०-६०० लेन्स घ्यावी लागेल, आणि मग खर्च बॉडीपुरता राहत नाही.

आमचा कौल असा: पाणथळीवरचे फोटो जास्त काढत असाल तर फाइन-ट्यून करून डी ५०० ठेवा; जंगलातले छोटे, चंचल पक्षी हा नाद असेल तर झेड. मात्र प्रमाणित चाचणीत डी ५००ची बॅटरी १,२४० फोटो देते, झेड ५०-टूची अडीचशेच्या आसपास. सलग बर्स्टमध्ये दोन्ही आकडे वाढतात, तरी झेडसाठी दोन जादा बॅटऱ्या हिशेबात धरा. आणि दुकानात काउंटरवरच्या फुलदाणीवर फोकस तपासू नका. आपली लेन्स आणि अडॅप्टर लावून बाहेर या आणि चौकातल्या कबुतरांवर पाच मिनिटं द्या.