ईस्पोर्ट्सचे प्रेक्षक मोजायचे कशाने? आकडे आणि साधनांचा तुलनात्मक आढावा

एका ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, स्पर्धेच्या प्रस्तावात लिहिलेलं असतं 'एक कोटी व्ह्यूज'. दुसरीच्या प्रस्तावात 'पीक ४० हजार'. स्पॉन्सर म्हणून तुम्हाला दोघींपैकी एकच निवडायची असेल, तर एवढ्यावरून ती निवडता येत नाही. एक कोटी व्ह्यूज महिनाभर यूट्यूबवर राहिलेल्या व्हिडिओंचे असू शकतात, आणि ४० हजार हा अंतिम फेरीतल्या एका मिनिटाचा आकडा असू शकतो. म्हणून साधनाच्या आधी आकडा ठरवायला हवा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: सरासरी प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचे एकूण तास हे दोन आकडे नेहमी जोडीनं मागा. आणि भारतातल्या मोबाइल स्पर्धांसाठी फक्त ट्विच ही गेमच्या लाइव्ह प्रक्षेपणाची साइट मोजणाऱ्या साधनांवर वेळ घालवू नका.

एकच स्पर्धा, चार आकडे

लीग ऑफ लेजंड्स या गेमची २०१९ची जागतिक स्पर्धा घ्या. पॅरिसमध्ये १० नोव्हेंबरला फनप्लस फिनिक्स हा चिनी संघ आणि जी-टू यांच्यात अंतिम सामना झाला. गेम बनवणाऱ्या रायट गेम्सनं जाहीर केलं की एका क्षणी जास्तीत जास्त ४.४ कोटी लोक पाहत होते आणि सरासरी मिनिट प्रेक्षकसंख्या, म्हणजे कोणत्याही एका मिनिटाला सरासरी किती जण पाहत होते तो आकडा, २.१८ कोटी होती. प्रेक्षक मोजणाऱ्या ईस्पोर्ट्स चार्ट्स या साइटवर त्याच स्पर्धेचा पीक मात्र ४० लाखांच्या किंचित खाली आहे, आणि तोही अंतिम सामन्याचा नाही, एसकेटी आणि जी-टू यांच्या उपांत्य सामन्याचा आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ला, रायटनं अंतिम सामन्यासाठी ९.९६ कोटी 'वेगवेगळे प्रेक्षक' असा आकडा दिला होता.

यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. ईस्पोर्ट्स चार्ट्स आपल्या मुख्य आकड्यांत चिनी प्लॅटफॉर्म धरत नाही, कारण हुया आणि दोउयूसारख्या साइट्स स्क्रीनवर जो आकडा दाखवतात तो प्रेक्षकांचा नसून लोकप्रियतेचा निर्देशांक असतो. प्रेक्षकांनी पाठवलेल्या भेटवस्तू, कॉमेंट्स असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. रायटकडे चिनी भागीदारांची आतली माहिती होती. अंतिम सामन्यात चिनी संघ असताना प्रेक्षकांचा मोठा भाग चीनमध्येच असणार, म्हणून दोन्ही पीकमध्ये अकरा पटींचा फरक पडला. आणि २०१९पासून रायटनं प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन कंपनीची सरासरी मिनिटाची पद्धत पुढे आणली, ती टीव्हीवरच्या खेळांशेजारी आपला आकडा ठेवता यावा म्हणून.

कोणता आकडा कशासाठी

पीक, म्हणजे एका क्षणाला सर्वांत जास्त किती जण पाहत होते. बातमीसाठी हा उत्तम आकडा आहे. प्रेक्षकांची वरची मर्यादा कळते, सर्व्हर आणि इंटरनेटची तयारी किती ठेवायची तेही कळतं. पण करार यावर करू नये. एखादा लोकप्रिय स्ट्रीमर दहा मिनिटं वॉच पार्टी (आपल्या चाहत्यांबरोबर सामना पाहणं) घेऊन गेला तरी पीक वर जातो आणि बाकीचे चार दिवस तसेच राहतात.

पाहिलेले एकूण तास आणि सरासरी प्रेक्षक ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत. एकूण तासांना प्रक्षेपणाच्या तासांनी भागलं की सरासरी मिळते. समजा 'अ' ही स्पर्धा चार दिवस, रोज पाच तास चालली आणि सरासरी ३० हजार लोकांनी पाहिली. २० तास गुणिले ३० हजार, म्हणजे ६ लाख तास. 'ब' ही लीग तीस दिवस, रोज पाच तास, सरासरी फक्त ८ हजार. तिचे १५० तास होतात आणि पाहिलेले तास १२ लाख. नुसते एकूण तास बघितले तर 'ब' दुप्पट मोठी. पण तुमचा लोगो स्क्रीनवर असताना कोणत्याही क्षणी समोर बसलेली माणसं 'अ'मध्ये जवळजवळ चौपट आहेत.

मग 'अ'च घ्यायची का? नवा फोन बाजारात येतोय आणि एका आठवड्यात नाव पोहोचवायचं आहे, तर हो. पण तुम्ही डेटा पॅक किंवा एनर्जी ड्रिंक विकत असाल आणि त्याच माणसानं महिनाभर रोज तुमचं नाव ऐकावं असं वाटत असेल, तर 'ब' स्वस्तात पडेल आणि जास्त कामाची ठरेल. दोन्ही आकडे जोडीनं मागायचे ते यासाठीच.

'युनिक' किंवा 'रीच', म्हणजे एकूण किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत पोहोचलं, हा सर्वांत मोठा दिसणारा आकडा, आणि निर्णयासाठी सर्वांत कमकुवत. रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपनं २०२४ला ५० कोटी प्रेक्षक आणि २५ कोटी पाहिलेले तास जाहीर केले. भागाकार केला तर साधारण आठ आठवड्यांच्या महोत्सवात माणशी अर्धा तास येतो. २०२५ला ७५ कोटी प्रेक्षक आणि ३५ कोटी तास, म्हणजे माणशी २८ मिनिटं. प्रेक्षक दीडपट झाले, तास त्या मानानं कमी वाढले. कोणी रीच पुढे केला तर त्याच स्पर्धेचे तास मागून हा भागाकार करून बघा, चित्र लगेच स्पष्ट होतं.

साधनं शेजारी-शेजारी

ईस्पोर्ट्स चार्ट्स हे स्पर्धा हा घटक धरून मोजणारं साधन आहे, आणि इथे तेच सर्वांत उपयोगी आहे. एका स्पर्धेची वेगवेगळ्या भाषांमधली, वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवरची चॅनेल्स एकत्र करून पीक, सरासरी, एकूण तास आणि प्रक्षेपणाचा वेळ असे चार आकडे ते देतं. वरवरची तुलना मोफत होते, खोलातली माहिती पैसे भरून मिळते. त्यावर मोठ्या स्पर्धांचा इतिहास एका जागी सापडतो: २०२१ला सिंगापूरला झालेल्या फ्री फायर वर्ल्ड सीरीजचा ५४ लाखांचा पीक, मोबाइल लेजंड्सच्या एम-फाइव्ह या पाचव्या जागतिक स्पर्धेचा ५० लाखांवरचा, लीग ऑफ लेजंड्सच्या २०२४च्या जागतिक स्पर्धेचा ६९ लाखांचा. त्याची मर्यादा म्हणजे जिल्हा पातळीवरची, कॉलेजची स्पर्धा तिथे सापडेलच याची खात्री नाही. शिवाय कोणती चॅनेल्स बेरजेत घेतली आहेत हे दर वेळी तपासावं लागतं. को-स्ट्रीम (इतर स्ट्रीमरनी आपल्या चॅनेलवर दाखवलेलं तेच प्रक्षेपण) धरलेली स्पर्धा आणि न धरलेली स्पर्धा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

सलीग्नोम आणि ट्विचट्रॅकर या दोन मोफत साइट्स फक्त ट्विचसाठी आहेत. चॅनेल किंवा गेम निवडून मागचे ७, ३०, ९० दिवस किंवा पूर्ण वर्ष बघता येतं. काउंटर-स्ट्राइक, डोटा २ किंवा व्हॅलोरंट या गेम्सच्या युरोप-अमेरिकेतल्या प्रक्षेपणांसाठी या चांगल्याच आहेत. दोघींत मला सलीग्नोम जास्त आवडते, कारण चॅनेल्सची तुलना करताना तिथली कोष्टकं लवकर हाती लागतात. पण ट्विचनं २७ फेब्रुवारी २०२४ला दक्षिण कोरियातली सेवा बंद केली आणि तिथला प्रेक्षक चिजिजिक आणि सूप या स्थानिक प्लॅटफॉर्मवर गेला. त्यानंतर कोरियन स्पर्धांची वाढ-घट ट्विचवरून मोजणं म्हणजे चुकीच्या दारात उभं राहून गर्दी मोजणं. भारतातली गोष्ट तर त्याहून सरळ आहे. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आणि फ्री फायर या मोबाइल गेम्सचा प्रेक्षक मुख्यतः यूट्यूबवर आहे, त्यामुळे या साइट्सवर तो जवळजवळ दिसतच नाही.

स्ट्रीम हॅचेट हे कंपन्यांसाठीचं सशुल्क साधन. अनेक प्लॅटफॉर्मची माहिती आणि स्पॉन्सरला दाखवता येतील असे तयार अहवाल मिळतात. एजन्सी चालवत असाल, वर्षाला डझनभर स्पर्धांचा हिशेब ठेवायचा असेल, तर विचार करावा. एका स्पर्धेसाठी नाही.

चौथं साधन बहुतेक जण विसरतात: आयोजकाच्या चॅनेलचं यूट्यूब स्टुडिओ. पीक, वॉच टाइम, माणूस सरासरी किती वेळ थांबला, कोणत्या देशातून आणि कोणत्या वयाचा, हे सगळं तिथे असतं. बाहेरच्या कोणत्याही साधनाला वय आणि थांबण्याचा वेळ इतक्या खात्रीनं दिसत नाही. अडचण एवढीच की ते फक्त चॅनेलच्या मालकाला दिसतं. मग तुमच्या हाती स्क्रीनशॉट येतो, आणि तो कोणत्या तारखांचा आहे हे विचारावंच लागतं. स्पर्धा संपल्यावर महिनाभर रेकॉर्डिंग पाहिलं गेलं तर तोही वॉच टाइम त्यात येतो. फक्त लाइव्हचा हिशेब वेगळा काढून मागा.

पाचवं, स्वतः नोंद ठेवणं. थोडं प्रोग्रामिंग येणारा कोणीही मुलगा-मुलगी हे एका संध्याकाळी उभं करू शकते. यूट्यूबचा डेटा एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्रामनं यूट्यूबला थेट माहिती विचारायची सोय, सुरू असलेल्या लाइव्ह व्हिडिओचे त्या क्षणाचे प्रेक्षक देतो. रोजचा मोफत कोटा मुळात १० हजार युनिटचा असतो. व्हिडिओची माहिती विचारायला एक युनिट लागतं आणि एका विनंतीत ५० व्हिडिओ विचारता येतात. दर मिनिटाला विचारलं तरी दिवसाला १४४० युनिट. सर्चची विनंती मात्र १०० युनिट खाते, म्हणून चॅनेल्सच्या व्हिडिओंची यादी हातानं तयार ठेवावी. ट्विचचा एपीआयही तसाच प्रेक्षकसंख्या देतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रक्षेपण संपलं की यूट्यूबकडून तो आकडा पुन्हा मिळत नाही, म्हणून नोंद त्याच वेळी व्हायला हवी. आणि चॅनेलनं प्रेक्षकसंख्या लपवली असेल तर एपीआयलाही ती दिसत नाही.

आकडा फुगतो कुठे

एप्रिल २०२०ला व्हॅलोरंटच्या बीटाचा, म्हणजे चाचणी आवृत्तीचा, प्रवेश ट्विचवर स्ट्रीम पाहणाऱ्यांना वाटला गेला, आणि पहिल्याच दिवशी एका क्षणी १७ लाख प्रेक्षक जमले. त्यातले बरेच जण टॅब उघडा ठेवून दुसऱ्या कामाला लागले होते. आजही ड्रॉप्स, म्हणजे स्ट्रीम पाहण्याबद्दल मिळणारी बक्षिसं, असलेल्या स्पर्धेची तुलना ड्रॉप्स नसलेल्या स्पर्धेशी करताना हे आठवावं. दुसऱ्या साइटच्या कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा प्लेअर हा तसाच प्रकार. बॉट्सचं, म्हणजे प्रोग्रामनं चालवलेल्या खोट्या प्रेक्षकांचं, वजनही खरं आहे: २०२५च्या मध्यावर ट्विचनं बनावट प्रेक्षकांविरुद्ध कारवाई जाहीर केली, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट शेजारी ठेवताना सावध राहावं.

ओळखायची एक साधी खूण म्हणजे आलेख. खरा प्रेक्षक सामन्याबरोबर हलतो. सामना सुरू होताना चढतो, दोन सामन्यांमधल्या ब्रेकला उतरतो, सामन्याच्या शेवटच्या टप्प्याला पुन्हा चढतो. ब्रेकमध्येही सरळ रेषेत राहणारा आलेख दिसला तर प्रश्न विचारा. यासाठीच मिनिटामिनिटाची नोंद सरासरीपेक्षा मौल्यवान आहे.

भारतातली तुलना

इथे वर्षावर्षाची तुलना करताना खेळावरची बंदी आधी बघावी लागते. बीजीएमआय २८ जुलै २०२२ला अॅप स्टोअर्सवरून गेला आणि मे २०२३मध्ये परतला. त्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून 'आवड कमी झाली' किंवा 'वाढली' असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. बंदीच्या जेमतेम आधी, जून-जुलै २०२२ला, बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली. टीव्हीचा प्रेक्षक बार्क ही संस्था निवडक नमुना घरांवरून मोजते, यूट्यूबचा आकडा प्रत्येक जोडणीवरून येतो. एका घरातल्या टीव्हीसमोर चौघं असतात, एका फोनसमोर बहुधा एकटाच. हे दोन आकडे बेरीज करून सांगणाऱ्या प्रस्तावातून बेरीज काढून टाका आणि दोन्ही वेगळे वाचा.

क्रिकेटशी तुलना हमखास होते. २०२३च्या आयपीएल अंतिम सामन्यासाठी जिओसिनेमानं एका वेळचे ३.२ कोटी प्रेक्षक जाहीर केले. त्याच्याशेजारी ठेवायचा तर ईस्पोर्ट्सचा पीकच ठेवावा, व्ह्यूज नाहीत.

मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्ससारखा संघ व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये खेळतो तेव्हा त्याचे प्रेक्षक इंग्रजी, हिंदी, कोरियन, जपानी, इंडोनेशियन अशा प्रक्षेपणांत विखुरलेले असतात. पुण्या-मुंबईच्या ब्रँडला यातला हिंदीचा आकडा हवा असतो, एकूण नाही. भाषेनुसार फोड मिळत नसेल तर तो अहवाल स्थानिक जाहिरातदाराच्या कामाचा नाही.

तुम्ही कोण आहात त्यावर

मोठ्या स्पर्धेवर पैसे लावणारे स्पॉन्सर असाल तर ईस्पोर्ट्स चार्ट्सची सरासरी आणि भाषेची फोड पाहा, आणि आयोजकाच्या स्टुडिओतून वय व थांबण्याचा वेळ मागा. नागपूर, कोल्हापूर किंवा मडगावात दोन-तीनशे संघांची स्पर्धा भरवणारे आयोजक असाल तर पैसे भरून कोणतंही साधन घेऊ नका. स्टुडिओ आणि स्वतःची दर मिनिटाची नोंद पुरेशी आहे, आणि ती स्पॉन्सरला उघडपणे द्या. मराठीत कास्टिंग (समालोचन) करणारं छोटं चॅनेल असाल तर पीकच्या मागे लागू नका. तुमची ताकद माणूस किती मिनिटं थांबतो यात आहे, प्रस्तावात तोच आकडा सर्वांत वर लिहा.

करारात मात्र एक कलम लिहून घ्या: कोणती चॅनेल्स मोजायची, को-स्ट्रीम धरायचे की नाही, मोजणी पहिल्या सामन्यापासून सुरू होणार की प्री-शोपासून, आणि फक्त लाइव्ह की रेकॉर्डिंगसकट. प्री-शोच्या तासाभरात प्रेक्षक कमी असतात, तो तास धरला की सरासरी खाली येते. म्हणून पहिल्या सामन्यापासून मोजणं दोन्ही बाजूंना रास्त आहे, आणि तेच आधी लिहिलेलं असेल तर स्पर्धेनंतर वाद घालावा लागत नाही.