ई-चलान भरण्याची ऑनलाइन सेवा: जुनी स्कूटर विकताना आलेला अनुभव

नो-पार्किंगचा दंड थकला तर कोणी दारात येत नाही, आणि म्हणूनच तो विसरला जातो. माझेही तसेच झाले, कारण वाहनाच्या नोंदणीत मी जुनाच मोबाइल क्रमांक ठेवला होता आणि एकही संदेश माझ्यापर्यंत पोहोचला नाही. स्कूटर विकायला काढली तेव्हा खरेदीदाराने थकीत चलान दाखवले, आणि ते मिटल्याशिवाय वाहन नावावर करून घेण्यास त्याने स्पष्ट नकार दिला, जो योग्यच होता.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरताच ठिकाण, वेळ आणि छायाचित्रासह नोंद समोर आली. छायाचित्रात माझीच स्कूटर फलकाखाली निवांत उभी असल्यामुळे वादाला जागा उरली नाही. यूपीआयने रक्कम भरून पावती मिळवायला फारसा वेळ लागला नाही. दुर्लक्ष लांबले असते तर लोकअदालतीची नोटीस आणि पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली असती, त्या तुलनेत ही सोय उत्तम आहे. मात्र मराठी मजकूर अधिक सुबोध हवा.