एपस्टाइनचे रवींद्रनाथ की रामकिंकरांचे? अर्धपुतळा ठरवणाऱ्यांसाठी एक तुलना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाने आपल्या संस्थापक गुरुजींचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले असून, दोन शिल्पकारांनी पाठवलेले लहान नमुने सध्या कार्यकारिणीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एकाचा पृष्ठभाग नांगरलेल्या रानासारखा खडबडीत आहे. दुसऱ्यात मान किंचित खाली झुकलेली असून कपाळ, नाक आणि हनुवटी मोजक्या उतारांत बसवलेली आहे. ‘हे आमचे गुरुजी वाटत नाहीत’ ही तक्रार दोन्हींबद्दल झाली आणि मग माझे मत विचारण्यात आले.

या दोन्ही पद्धतींची घराणी जुनी आहेत, आणि योगायोग असा की दोन्ही घराण्यांच्या मूळपुरुषांनी रवींद्रनाथ ठाकुरांचाच चेहरा घडवलेला आहे. जेकब एपस्टाइन (१८८०–१९५९) हे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले शिल्पकार. त्यांनी १९२६ साली रवींद्रनाथांचे कांस्यशिल्प केले. रामकिंकर बैज (१९०६–१९८०) हे बांकुड्याचे. १९२५ साली ते शांतिनिकेतनात आले आणि आयुष्यभर तिथलेच झाले. त्यांनी रवींद्रनाथांना एकदा १९३८ च्या सुमारास जवळजवळ अमूर्त रूपात आणि पुन्हा १९४१ च्या सुमारास झुकल्या मस्तकाच्या वृद्धाच्या रूपात घडवले.

एपस्टाइन यांच्या पद्धतीचे मर्म मातीच्या गोळ्यांत आहे. समोर बसलेल्या माणसाकडे पाहत ते मातीच्या लहान लहान गोळ्या एकावर एक दाबत जात आणि त्या घासून सपाट करत नसत. आपल्याकडे शाडूची गणेशमूर्ती करणारे कारागीर शेवटी ओले बोट किंवा ब्रश फिरवून पृष्ठभाग आरशासारखा करतात. एपस्टाइन नेमकी तीच पायरी गाळतात. त्यामुळे कांस्यात ओतल्यावर प्रत्येक गोळीच्या कडेवर उजेड अडतो, बाजूच्या खळग्यात सावली साचते आणि पाहणाऱ्याने जागा बदलली की चेहरा हलल्याचा भास होतो. १९३३ साली इंग्लंडच्या नॉरफोक भागात त्यांनी केलेल्या आइन्स्टाइनच्या शिल्पात हा गुण सर्वांत स्पष्ट दिसतो. केस तर वाऱ्याने उडाल्यासारखे वाटतात. मात्र ही शिल्पे जिवंत माणूस समोर बसवून केलेली आहेत, ही गोष्ट आपल्या निर्णयासाठी मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक गोळी म्हणजे त्या क्षणी नजरेने टिपलेली एखादी नोंद असते. गुरुजी आज हयात नाहीत आणि वाचनालयाकडे त्यांची दोनच छायाचित्रे आहेत, तीही समोरून काढलेली. कानामागून मानेपर्यंतचा उतार कसा होता हे त्यांतून कळत नाही. अशा वेळी केलेला खडबडीतपणा हा पाहण्यातून आलेला नसून न पाहिलेले झाकण्यासाठी आलेला असतो, आणि पहिल्या नमुन्यात, स्पष्टच सांगायचे तर, मला तेच दिसले.

रामकिंकरांनीही रवींद्रनाथांना जवळून पाहिले होते, पण त्यांच्या शिल्पाचा भर नोंदींवर नाही. १९४१ च्या शिल्पात मस्तकाचा भार हाच विषय आहे: कपाळ पुढे आलेले, डोळे त्याच्या सावलीत गेलेले, दाढी छातीत मिसळलेली. साम्य राहते ते शरीराच्या ठेवणीत. याची किंमत त्यांच्या शिल्पाला मोजावीही लागली. हंगेरीत बालाटनफ्युरेड येथे, जिथे रवींद्रनाथांनी १९२६ साली उपचार घेतले होते, तिथे बसवलेल्या रामकिंकरांच्या शिल्पाबद्दल ‘हे रवींद्रनाथ दिसत नाहीत’ अशी टीका झाली. तेव्हा आपल्या कार्यकारिणीची तक्रार काही जगावेगळी नाही. पुण्यात १९२८ साली उभ्या राहिलेल्या, विनायकराव करमरकरांच्या अश्वारूढ शिवछत्रपतींसारख्या हुबेहूब कामावर आपली नजर पोसलेली असल्यामुळे असे होणे स्वाभाविकच आहे.

साहित्याचा प्रश्न मात्र निव्वळ व्यवहाराचा आहे. ‘बेळगावात एवढ्या फाउंड्री असताना ओतकामाची चिंता कशाला?’ असे एका सदस्यांनी विचारले. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतले ओतकाम प्रामुख्याने बिडाचे, वाळूच्या साच्यातले आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे असते. कांस्याचे पोकळ डोके करताना आतला गाभा आणि बाहेरचा साचा यांच्यामध्ये मेणाचा पातळ थर ठेवतात, तो वितळवून काढतात आणि उरलेल्या पोकळीत धातू ओततात. हे कौशल्य निराळे आहे आणि त्यासाठी बहुधा बाहेरगावच्या कारागिराकडेच जावे लागेल. उलट रामकिंकरांनी १९३८ च्या ‘संथाल कुटुंब’ या शिल्पात सिमेंटमध्ये जांभ्याची खडी मिसळली होती, कारण शांतिनिकेतनच्या तांबड्या मातीत तीच हाताशी होती आणि कांस्याला पैसा नव्हता. जांभा आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंतींत रोज दिसतो. त्या रंगाचा पुतळा वाचनालयाच्या अंगणात परका वाटणार नाही.

सिमेंटची एक मोठी खोट मात्र आहे. आतला लोखंडी सांगाडा गंजला की फुगतो आणि सिमेंटला तडा देतो. आपल्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या धुवांधार पावसात पातळ थराखालचे लोखंड सुरक्षित राहील अशा भ्रमात कोणी राहू नये. म्हणून पुतळा उघड्या अंगणातच हवा असा आग्रह असेल आणि पैसा जमत असेल तर कांस्य घ्यावे, पण घडण दुसऱ्या नमुन्याची ठेवावी. रामकिंकरांच्याही अनेक शिल्पांचे पुढे कांस्यात ओतकाम झालेलेच आहे. पैसा कमी असेल तर पुतळा सिमेंटचा करून व्हरांड्यात, छपराखाली ठेवावा, सांगाड्याला गंजरोधक लेप देऊन घ्यावा आणि त्यावर सिमेंटचा जाड थर राहील हे करारातच लिहून घ्यावे.

पहिला नमुना निवडायचाच असेल, तर निदान गुरुजींच्या चेहऱ्याशी साम्य असलेल्या कोणा नातलगाला शिल्पकारासमोर काही दिवस बसवावे. कोणताही नमुना निवडला तरी साचा काढण्यापूर्वी पूर्ण आकाराचे मातीचे डोके पाहायला मागावे, आणि ते ट्यूबलाइटखाली न पाहता पुतळा जिथे उभा राहणार आहे त्याच जागी, सकाळी आणि सायंकाळी, गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या दोघा-तिघांना सोबत घेऊन पाहावे.